भाग्यश्रीच्या नावाने

४ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार. पूजा आटोपून आठला भट्टीवर. दूध नेहमीप्रमाणे आले, खवाही ठीक उतरला. आभाळ भरलेले, पाऊस नाही.

दुपारी तीनपर्यंत संकेतस्थळावरून एकही विचारणा नाही. गेल्या श्रावणात या सुमारास फोन खाली ठेवता येत नव्हता. कढईवरून दगडूने विचारले, "मालक, फोन बिघडला का गिऱ्हाईक?" तीस वर्षे कढई सांभाळतो आहे, त्यामुळे थट्टा करण्याचा हक्क त्याने स्वतःच घेतलेला आहे. 

संध्याकाळी 'भेसळीचा खवा कसा ओळखावा' हे शब्द टाकून शोधले. आमच्या लेकीने, भाग्यश्रीने लिहिलेले आमचे पान चार वर्षे पहिल्या क्रमांकावर होते. आज पहिल्या पानावर नाही. दुसऱ्यावर नाही. सहाव्यापर्यंत गेलो, चष्मा पुसला, पुन्हा पहिल्यापासून पाहिले. नाही.

सौ.ला सांगितले नाही. लेक गेल्यापासून ती संगणकाच्या खोलीत केवळ झाडू घेऊन जाते, आणि झाडतानाही त्या टेबलाकडे पाठ असते.


६ ऑगस्ट, बुधवार

नाझनीनशी फोन. ही भा.ची कॉलेजातली मैत्रीण. मूळची धाराशिवची, आता पुण्यात संकेतस्थळांचेच काम करते. दोघींनी मिळून आमचे स्थळ उभे केले होते. भा. गेल्यावर महिन्यातून एकदा फोन करण्याचा नेम तिने पाळला आहे.

अर्ध्या तासाने तिचा उलट फोन आला. आवाज बदललेला.

"काका, हे आपोआप न्हाय झालेलं. कुणीतरी करायलंय."

तिने सांगितले ते माझ्या शब्दांत नोंदवतो. जून महिन्यापासून जुगाराच्या आणि घाणेरड्या औषधांच्या शेकडो संकेतस्थळांवरून आमच्या पानाकडे बोट दाखवणाऱ्या लिंका कोणीतरी मुद्दाम टाकल्या आहेत. शोधयंत्र माणसाची पत त्याच्या संगतीवरून ठरवते. संगत अशी दिसली की ते आपल्याला मागे ढकलते.

"पण आपण तर टाकल्या नाहीत त्या लिंका."

"तुमच्या दारावर कुणी अड्ड्याची पाटी ठोकून गेलं काका, तर पोलीस पाटी ठोकणाऱ्याला हुडकीत न्हायती. दाराला बघतेत."

आमचे असे कोण वाईट करील, असे विचारले. ती म्हणाली, ते हुडकत बसू नका, वेळ जाईल. बरोबर आहे. माझ्या मनात एक नाव आले, ते इथे लिहीत नाही. पुरावा नाही.


९ ऑगस्ट, शनिवार

राखी पौर्णिमा. नाझनीनने पाठविलेली लिंकांची संपूर्ण यादी भूमला जाऊन छापून आणली. एकेचाळीस पाने. छापणाऱ्याने पहिले पान वाचून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती विसरता येण्याजोगी नाही. छप्पन वर्षांचा माणूस, कपाळाला भस्म, आणि हातात ही यादी.

नाझनीनची सूचना अशी: प्रत्येक नाव पाहायचे. वाईट असेल ते वेगळे काढायचे, आणि 'यांच्याशी आमचा संबंध नाही' असे शोधयंत्राला कळवायचे. काम किचकट आहे, पण माझ्या स्वभावाला मानवणारे आहे. लाल शाई आणून ठेवली.


११ ऑगस्ट, सोमवार

दोन दिवसांत यादी संपविली. कसोटी एकच ठेवली: हे नाव कोणाचे, आणि त्याने आमची लिंक का दिली, याचा पुरावा माझ्याजवळ आहे काय? असल्यास ठेवावे. नसल्यास काट. शिकलो तेव्हा हिशेबतपासणीत हेच शिकविले होते, आणि आजवर त्याने दगा दिला नाही.

पाने संपली तेव्हा ठेवलेली नावे एकूण नऊ. बाकी सर्व नाकारली. यादी सायंकाळी पाठविली. मन हलके.


१४ ऑगस्ट, गुरुवार

मन हलके झाले होते, ते चुकीने झाले होते.

नाझनीन फोनवर आधी हसली. "काका, माझंच नाव काटलंव की ओ तुमी."

तिची एक स्वयंपाकाची वही आहे, संकेतस्थळावर, कोणत्या तरी टोपणनावाने. तीवर तिने आमच्या पानाची लिंक दिली होती. टोपणनावामुळे मला पत्ता लागला नाही. पुरावा नाही म्हणून काट. तशाच नागपूर, नाशिक, बेळगाव इथल्या कितीतरी गृहिणींच्या वह्या, दोन शाळांची विज्ञान-पाने, ग्राहकांची एक लहान संघटना. या लोकांनी भा.चे लिखाण आवडले म्हणून आपण होऊन लिंक दिली होती. आमची पत याच माणसांवर उभी होती. शत्रूने बाहेरून चिखल टाकला, आणि आतले खांब मी स्वतः मोजून मोजून काढले.

"आवडलं म्हणून दिलेल्याची पावती कुठं असती का काका?"

नवी यादी पाठवून जुनी रद्द करता येते. परिणाम दिसायला काही आठवडे लागतील. आज पुन्हा पहिल्या पानापासून बसलो. या वेळी प्रत्येक पत्ता उघडून, वाचून. बहुतेकांनी भा.चे नाव लिहिले आहे. एकीने 'आमची भाग्यश्री' असे लिहिले आहे. ही कोण, आम्हांला ठाऊक नाही.


१८ ऑगस्ट, सोमवार

नवी यादी शनिवारी गेली. नाझनीनने आधी डोळ्यांखालून घातली.

आज वेगळेच. सोलापूरहून एका बाईंचा फोन, अत्यंत संतप्त. "तुमच्याकडनं मागवलेला खवा रबरासारखा हाय. पोरगं वकायला लागलं. एवढं आईच्या हाताचं लिहिता, लाज वाटती का?" आमच्या नोंदीत त्यांचे नाव नाही. सोलापूरला या महिन्यात एकही पार्सल गेलेले नाही. तसे सांगितल्यावर त्या अधिकच चिडल्या. शेवटी त्यांनी जिथून मागविले तो पत्ता पाठविला.

संकेतस्थळ दुसरे. रंग दुसरा, नाव दुसरे, फोन नंबर दुसरा. मजकूर भाग्यश्रीचा. शीर्षकापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. आणि त्याखाली 'शुद्ध खवा, आजच मागवा'.

बाईंना पुन्हा फोन करून मुलाची चौकशी केली. बरा आहे. त्यांना तो खवा फेकून न देता तालुक्याच्या अन्न निरीक्षकांकडे द्या, असे सुचविले. "तुमी तरी खरं बोलताव कशावरून?" म्हणाल्या. 


१९ ऑगस्ट, मंगळवार

चोरलेला मजकूर हुडकण्याची रीत नाझनीनने शिकविली. आपल्या लिखाणातले एखादे असे वाक्य घ्यायचे, जे जगात दुसरे कोणी लिहिणार नाही. ते अवतरणचिन्हांत घालून शोधायचे. जितकी उत्तरे, तितक्या चोऱ्या.

भा.च्या पानातले ते वाक्य कोणते हे शोधायला वेळ लागला नाही:

'खवा घेताना दुकानदाराला काही विचारू नका, हाताला विचारा. माझी आई डाव्या हाताने खवा पाहते. उजवा हात जन्मभर कढईच्या वाफेत गेला, त्याला आता काही कळत नाही, असे ती म्हणते. हरभऱ्याएवढा खवा घेऊन बोटांत चोळा. तूप सुटले आणि वास दुधाचाच राहिला, तर निर्धास्त घरी न्या.'

एकसष्ट उत्तरे आली. आमचे पान त्यांत नाही.

भा. असताना मीच हे वाक्य काढून टाकायला सांगितले होते. आयोडीनची चाचणी आहे, तापवून पाहण्याची चाचणी आहे, शास्त्रीय आहे, तेवढे पुरे. घरातल्या बाईचा हात कशाला, असे म्हणालो होतो. "अप्पा, तुम्ही लिहिलं की ती नोटीस होते," एवढेच बोलली आणि वाक्य ठेवले.


२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. पुरणाचा स्वयंपाक. आमच्याकडे बैल नाहीत, तरी मातीची जोडी पूजतो.

जेवताना सौ.ला सगळे सांगितले. लपविणे यापुढे अशक्य होते. दगडूने तिच्या कानावर अर्धेमुर्धे घातलेच होते, तेही त्याच्या पद्धतीने: "वहिनी, आपल्या पानाला कुणीतरी करणी केलीया."

तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "एकसष्ट ठिकाणी?"

"होय."

"म्हंजे एकसष्ट ठिकाणी माझा हात हाय म्हणा की." किंचित हसली. दोन वर्षांत प्रथमच. लगेच उठून पुरणाचे पातेले आत नेले, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.


२५ ऑगस्ट, सोमवार

स्थळाच्या टपालपेटीत आज एक पत्र. नाशिकच्या श्रीमती कुमुदिनी यांचे. निवृत्त शिक्षिका, पाककृतींचे संकेतस्थळ चालवितात. 'आमची भाग्यश्री' लिहिणाऱ्या त्याच. पत्र जसेच्या तसे उतरवतो:

'प्रिय भाग्यश्री, तुझ्या परवाच्या पत्राप्रमाणे तुझ्या पानाची लिंक मी काढली आहे. कारण विचारणार नाही. पण इतक्या वर्षांनी तुझे पत्र आले आणि त्यात इतकेच, याचे वाईट वाटले. माझे काही चुकले का गं?'

खाली 'परवाचे पत्र' जोडलेले. तारीख २१ ऑगस्ट. भाषा सभ्य, व्याकरण बिनचूक. 'माझ्या लेखाची लिंक आपल्या स्थळावरून कृपया काढून टाकावी.' खाली सही: भाग्यश्री. पुढे आमच्या गावाचे नाव.

भा. जाऊन येत्या आश्विनात दोन वर्षे होतील.

पत्र तीनदा वाचले. पाठविणाऱ्याचा पत्ता तिचा नाही, एका अक्षराचा फरक आहे. ते पहिल्या वाचनातच दिसले होते. पुढची दोन वाचने कशासाठी केली, ते...


२६ ऑगस्ट, मंगळवार

नाझनीन म्हणाली, ही असल्या लोकांची नेहमीची युक्ती. चांगल्या लिंका ज्यांच्याकडे आहेत त्यांना मालकाच्या नावाने पत्र पाठवून त्या काढून घ्यायच्या. किती जणांना असे पत्र गेले असेल, सांगता येत नाही. सर्वांना आपणच आधी कळविले पाहिजे.  "तिचं नाव घालून लिहिलं व्हय काका त्यांनी... "  फोन नाझनीनच्या आईने घेतला, मला खैरियत विचारली.

कुमुदिनीबाईंना उत्तर लिहायला सकाळपासून दुपारपर्यंत वेळ गेला. चार ओळी. भाग्यश्री आता नाही. ते पत्र तिचे नाही. आपले काही चुकलेले नाही. लिंक पुन्हा द्यावी अशी विनंती.

पहिल्या ओळीनंतर लिंकेविषयी काही मागणे बरे दिसत नव्हते. तरी मागितले.


२९ ऑगस्ट, शुक्रवार

कुमुदिनीबाईंचा फोन. बोलण्यापेक्षा रडणेच अधिक. भा. त्यांना कधी भेटली नव्हती, केवळ पत्रांतून ओळख. खव्याच्या पोळीत खवा फुटतो म्हणून त्यांनी विचारले होते, तिने सात मुद्द्यांचे उत्तर पाठविले होते. "मला वाटलं, मुलगी मोठी झाली, विसरली." लिंक त्यांनी पुन्हा दिली.

सायंकाळी नाझनीनने कामाचे बोलायला वेळ मागितला. दोन गोष्टी तिने सुचविल्या. तिला सांगताना जड जात होते, हे कळत होते.

पहिली. भाग्यश्री हयात नाही हे त्या पानावर स्पष्ट लिहावे, म्हणजे तिच्या नावाने आलेल्या पत्रावर कोणी विश्वास ठेवणार नाही. आजवर आम्ही ते कुठेच लिहिलेले नाही.

दुसरी. पानाचा मजकूर बदलावा. एकसष्ट ठिकाणी तोच मजकूर असताना शोधयंत्राला मूळ कोणते ते कळत नाही. नव्या शब्दांत लिहिले तर आमचे पान पुन्हा वर येऊ शकेल. "माहिती तीच ठेवायची काका. शब्द तेवढे दुसरे."

शब्द तेवढे.


१ सप्टेंबर, सोमवार

घरी महालक्ष्म्या. आज महाप्रसाद. पाहुण्यांत सकाळ गेली.

दुपारी दार लावून नव्या शब्दांत लिहायला बसलो. 'ग्राहकांनी खवा खरेदी करण्यापूर्वी खालील बाबींची खातरजमा करावी.' वाचून पाहिले. भा. म्हणाली होती तशीच नोटीस झाली.

सौ. प्रसादाचे ताट घेऊन आली. टेबलाकडे पाठ केली नाही. विचारले, "काय लिव्हताव?" सांगितले.

"तिचं काढून?"

"पान वर यावे म्हणून. दिवाळी जवळ आली आहे. त्या चोराच्या पानावरून लोक खवा मागवतील, सोलापूरच्या बाईंसारखे. शिवाय तिचे कोणी वाचणारच नसेल तर..."

"चोर नेतंय म्हणून आपुन घरातलं टाकून द्यायचं, ह्यो कुठला हिशेब?" ताट ठेवले. "खाली राहिलं तर राहू द्या. पर तिचंच राहू द्या."

 नोटीस फाडली.


४ सप्टेंबर, गुरुवार

दुसरी सूचना सोडली, पहिली अमलात आणली. पानाच्या तळाशी पुढील मजकूर घातला: 'या लेखाची लेखिका भाग्यश्री हिचे निधन झाले आहे. तिच्या नावाने आलेल्या कोणत्याही पत्रावर विश्वास ठेवू नये. मजकुरात बदल केलेला नाही.'

तीन वाक्ये. सौ.ने वाचून दाखवायला सांगितले. तिसऱ्याला मान हलविली.

शिवाय पासवर्ड बदलले, दुहेरी कुलूप घातले, संपूर्ण स्थळाची प्रत काढून दोन ठिकाणी ठेवली. नव्या लिंकांची यादी दर सोमवारी तपासायची, असा नेम केला. हे सर्व तिच्या हयातीत करता आले असते. तेव्हा कोणी सांगितले असते तर आपल्या खव्याच्या पानाला कोण कशाला त्रास देईल, असेच मी म्हणालो असतो.


६ सप्टेंबर, शनिवार

सकाळी सूचना. शोधयंत्रातून आमचे पान काढून टाकण्यात आले आहे. कारण: 'हा मजकूर अन्य संकेतस्थळावरून नकलल्याची तक्रार प्राप्त झाली आहे.'

तक्रारदार तेच, सोलापूरच्या बाईंना रबर विकणारे. त्यांच्या पानावर आता मागची तारीख घातली आहे. आमच्या आधीची.

दगडूला समजावून सांगायला बराच वेळ लागला. समजल्यावर कढई तशीच सोडून उभा राहिला. "म्हंजे आता आपुनच चोर?" खव्याचा एक घाणा त्याच्या हातून आज प्रथमच करपला.  


८ सप्टेंबर, सोमवार

प्रत्युत्तर दाखल केले. पुरावे क्रमाने: भा.च्या वहीतील कच्च्या मसुद्याची छायाचित्रे. संगणकातील मूळ फाईल, तयार झाल्याच्या तारखेसह. चार वर्षांपूर्वी तिने नाझनीनला पाठविलेले पत्र, 'वाच आणि चुका काढ, लाडात येऊ नकोस'. पान पहिल्यांदा चढविल्याची नोंद. सौ.ने आपण होऊन डाव्या हाताचा फोटो काढायला लावला. त्याचा पुरावा म्हणून उपयोग नाही. तरी जोडला.

नाझनीन म्हणाली, "काका, असली केस मी आजवर पाहिली न्हाय. पुरावे असे लावलेत की त्या लोकांना उठून उभं राहावं लागंल." मुलीच्या वयाची आहे. माझे मन राखते.


१० सप्टेंबर, बुधवार

उत्तर आले. आपले पुरावे विचारात घेण्यात येत आहेत. तथापि पानावर लेखिका म्हणून ज्यांचे नाव आणि ई-पत्ता आहे, त्यांनी स्वतः त्या पत्त्यावरून सात दिवसांत पुष्टी करणे आवश्यक आहे. पुष्टीचे पत्र त्या पत्त्यावर पाठविले आहे.

उलट लिहिले: लेखिका हयात नाही, पानाच्या तळाशी तसे नमूद आहे, मी तिचा पिता, मृत्यूचा दाखला सोबत. पाचव्या मिनिटाला उत्तर: 'या पत्त्यावर आलेली पत्रे वाचली जात नाहीत.'

भूमला वकिलांना विचारले. वारस म्हणून कागद करता येईल, म्हणाले, पण न्यायालयातून, आणि काही महिने लागतील. "जमीन आहे का?" विचारले. नाही, म्हटले, एक पान आहे. त्यांनी पेन खाली ठेवले.


११ सप्टेंबर, गुरुवार

भा.चा फोन सौ.च्या कपाटात, तिच्या पातळांखाली होता. दोन वर्षे अधूनमधून तो चार्ज होत होता, हे मला आज कळले. उघडण्याचा आकडा सौ.ला ठाऊक होता, मला नाही. त्यात तिचे टपाल अजून चालू आहे.

पुष्टीचे पत्र वर होते. त्यात निळे बटण. बटणावर: 'होय, मी भाग्यश्री. हा मजकूर माझा आहे.'

सौ. म्हणाली, "दाबा."


१३ सप्टेंबर, शनिवार

दाबले नाही.

नाझनीनला विचारले. म्हणाली, "कायद्यानं चुकीचं हाय काका. पर मी तर कुणाला बोलणार न्हाय. आन् लिहिलेलं तिचंच हाय, त्यात खोटं काय?"

खोटे पहिल्या तीन शब्दांत आहे. मजकूर तिचा, हे खरे. 'मी भाग्यश्री' हे खरे नाही. यंदा तिच्या नावाने तिने न लिहिलेले एक पत्र आधीच गेलेले आहे. ते कुमुदिनीबाईंना पोहोचले तेव्हा ते पाठविणाऱ्याला मी मनात काय काय म्हणालो, ते मला आठवते. आता दुसरे मी पाठवायचे.

सौ.चे म्हणणे सरळ आहे. "त्यो चोर हाय. तुमी बाप हाव." हा फरक तिला पुरेसा वाटतो. कदाचित तो पुरेसा असेलही. पण त्या पानावर मी स्वतःच्या हाताने लिहिले की तिच्या नावाने आलेल्या कोणत्याही पत्रावर विश्वास ठेवू नये, आणि त्यातला 'कोणत्याही' हा शब्द मी विचार करूनच घातला होता.

न दाबल्यास पान गेले. शोधणाऱ्याला चोराचे पान मिळेल, त्याच्या तारखेसह. मूळ त्याचे आणि नक्कल भाग्यश्रीची, असेच ते कायमचे नोंदले जाईल. हेही खोटेच, आणि तेही माझ्या हातून.

दोन्हींतले लहान खोटे कोणते, हे ठरविण्याची रीत मला कोणी शिकविलेली नाही.


१५ सप्टेंबर, सोमवार

मुदत परवा संपते.

नव्या लिंका तपासल्या. आठवड्यात जुगाराच्या आणखी चौदा. वेगळ्या काढून कळविल्या. कुमुदिनीबाईंनी आपल्या ओळखीच्या सहा जणींना सावध केले आहे. तिघींना तसलेच पत्र आले होते, दोघींनी लिंक काढली होती. दोघींनी परत दिली. पान जागेवर नाही, त्याकडे जाणाऱ्या वाटा मात्र पुन्हा उघडत आहेत.

सौ.शी दोन दिवस या विषयावर बोलणे नाही. सकाळी भट्टीवर तिनेच दूध मोजून घेतले, दगडूशी चार शब्द बोलली, माझ्याशी नाही.

दुपारच्या चहानंतर या खोलीत आली. खुर्ची ओढून टेबलाजवळ बसली. दोन वर्षांनी. म्हणाली, "वाचा, काय लिव्हलं हुतं तिनं. सगळं." मी पहिल्यापासून वाचले. आयोडीनची चाचणी, तापविण्याची चाचणी, सगळे. मध्ये एकदा म्हणाली, "हे माझ्याकडनं उचललंय बरं का." एकदा म्हणाली, "हे चुकलंय तिचं. इतकं तापवायचं नसतंय." चूक खरोखरच होती. चार वर्षांत एकसष्टांपैकी कोणाच्याही लक्षात आलेली नाही. माझ्याही नाही. दुरुस्त करू का, विचारले. नको म्हणाली.

मग भा.चा फोन तिने पदराने पुसला, आकडा दाबून उघडला आणि माझ्यासमोर ठेवला. निळे बटण वर.  पडदा विझू लागला की बोट लावून तो पुन्हा जागा करते.

मी हे लिहितो आहे. आताच तिने चौथ्यांदा बोट लावले.